डर्कनांच्या धुराड्यातलं पोतं

मॅलकी बॅरेटनं सोमवारीच निरोप धाडला होता की गुरुवारी येतो, तोवर चूल पार विझवून गार करून ठेवा. गुरुवारी सकाळी शिडी, दोर आणि पोलादी नळीचं भलंमोठं वेटोळं गाडीतून उतरवून तो आत गेला, तर चुलीत विस्तव होताच. विनी डर्कन, वय वर्षं एकोणऐंशी, मेलेल्या नवऱ्याचा कोट अंगात घालून चुलीसमोर खुर्ची टाकून बसली होती.

"विनी, काय सांगितलं होतं मी?"

"विझतच आलाय की रे."

"विझत आलाय? वर किटली खदखदतेय!"

"मग आधी चहा घे, नि मग तूच विझव. माझ्यानं नाही होत ते. माझे हात नाही लागायचे त्याला."

कुणाला वाटेल म्हातारीचा हट्ट. पण आयर्लंडातल्या मेयो परगण्याच्या या टोकाला चूल अशी येताजाता कुणी विझवत नाही. दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विटा दिवसभर जळत राहतात, रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी राख सारून त्याच निखाऱ्यांवर नवी वीट ठेवायची. गेली चाळीस वर्षं तरी इथला विस्तव मोडला नव्हता. आणि विनीच्या बाबतीत तर सगळी गोष्टच त्या झाकण्याची होती. गावात शेंबड्या पोरालाही ती ठाऊक, फक्त तिच्या तोंडावर कुणी काढत नसे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. सगळ्या आयर्लंडला हिव भरलं होतं. वरच्या खोलीत विनीची सात वर्षांची ऊना खोकत होती, म्हणून सकाळपर्यंत ऊब राहावी या विचारानं विनीनं विस्तव झाकताना राखेत कोळशाचा भिजवलेला चुरा घातला. सकाळी ऊना उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, निखाऱ्यांचा विषारी वायू. पोलीस आला, त्यानं चूल उकरली, ओला चुरा पाहिला आणि वहीत लिहून घेतला. धुराडं कुणी बघायचं? पंचक्रोशीत धुराड्यांचा जाणकार एकच, मॅलकीचा बाप ओनी बॅरेट. त्यानंच चार महिन्यांआधी ते धुराडं आतून लिंपून दिलं होतं. बोलावलं त्यालाच! ज्याचं काम त्यालाच तपासायला लावायचं, ही अक्कल आमच्याच गावाची. ओनीनं चुलीत आरसा धरला, आरशात आभाळाचा चौकोन स्वच्छ दिसला, आणि तो म्हणाला, धुराडं निर्मळ आहे. मग उरली कोण? विनी.

"ओला चुरा घातला हो तिनं," चर्चच्या दारात बायका कुजबुजायच्या. "आईच ती, पण अक्कल नको का?"

नवरा जार्लथ मात्र एका शब्दानं बोलला नाही. मयताच्या दिवशी नाही, नंतर नाही. फक्त त्या रात्रीपासून त्यानं विनीच्या हातातून चिमटा काढून घेतला. विस्तव तो झाकायचा. एक्केचाळीस वर्षं, रोज रात्री, तिच्या डोळ्यांदेखत. ती खुर्चीत बसून बघायची. "एकदा कानफटात मारली असती तरी मी सुटले असते," असं ती मॅलकीच्या बायकोला एकदा म्हणाली होती. मार्चमध्ये जार्लथ गेला. तेव्हापासून निखारे ती स्वतः झाकते, आणि मग पहाटेपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवून खुर्चीतच बसते. तो कोट त्याचसाठी.

आता मँचेस्टरहून तिची भाची कार्मेल आपल्या सहा वर्षांच्या पोरीला घेऊन कायमची राहायला येणार होती. घरात माणूस येणार म्हणून विनीला आनंद व्हायचा, तर तिची झोपच उडाली. पोरगी झोपणार कुठं? खोली एकच रिकामी, ऊनाची. "माझ्या विस्तवाच्या वर मी पोर निजवणार नाही," ती मॅलकीला म्हणाली होती. "आधी त्या धुराड्याला पोलादाचं अस्तर घाल. माझ्या हातावर माझा भरवसा नाही."

तर मॅलकीनं चहा घेतला, तिच्याकडे पाठ करून निखारे बादलीत भरले आणि बाहेर नेऊन पाणी ओतलं. आत आला तेव्हा विनी डोळे मिटून जपमाळ ओढत होती. त्याला फार वाईट वाटलं. पण काम म्हणजे काम, गरम धुराड्यात नळी सोडता येत नाही.

तो छपरावर चढला. जुन्या दगडी घरांत दोन धुराडी एकाच दगडी खांबातून वर जातात, स्वयंपाकघराचं एक आणि वरच्या खोलीतल्या छोट्या चुलीचं दुसरं, मध्ये फक्त एक वीतभर जाडीची पडदी. दुसऱ्याच्या तोंडावर पाटीचा सपाट दगड ठेवलेला होता, शेवाळानं घट्ट चिकटलेला. मॅलकीनं पहिल्यातून दोर खाली सोडला, नळीच्या टोकाला लाकडी नाकाडं बसवून दोर त्याला बांधला. खाली ओढायला दुसरा माणूस लागतो. त्याचा जोडीदार कंबर धरून घरी पडला होता, म्हणून ओढायला होती विनी.

"ओढा, विनी! हळू!"

"हळूच ओढतेय, मला काय घाई आहे!" धुराड्यातून तिचा आवाज आला, मग खोकला, मग शिंक. "मेल्या, सगळी काजळी माझ्या डोक्यावर टाकलीस! जार्लथनं ओळखलं नसतं आता मला."

"मग नवा नवरा बघू तुम्हाला."

"बघ की. पण बहिरा नको. एक झाला तेवढा पुरे."

दोघंही हसली. नळी बारा-तेरा फूट गेली आणि थांबली. मॅलकीनं वळवून पाहिली, वर ओढून पुन्हा सोडली. नाकाडं कशावर तरी टेकत होतं. चूल सरळ, धुराडं सरळ, मग मध्ये हा खडक कुठला? खाली उतरून त्यानं फुटपट्टीनं हिशेब केला, तर अडचण बरोबर वरच्या खोलीच्या भिंतीत येत होती.

"वरून फोडावं लागेल," तो म्हणाला. "किल्ली द्या."

 विनीनं कोटाच्या खिशातून किल्ली काढली. "मी नाही येत वर," ती म्हणाली.

खोलीत एक पलंग, वर घडी घातलेलं ब्लँकेट, आणि भिंतीतल्या छोट्या चुलीवर ठोकलेल्या फळ्या. फळ्यांना एवढे खिळे, की मॅलकीला नवल वाटलं. त्यानं त्या उचकटल्या, चुलीच्या वरचा गिलावा फोडला, चार विटा काढल्या आणि आत दिवा घातला. दोन धुराड्यांमधली पडदी समोर आली. पडदीला भोक होतं. लहानसहान नाही, माणसाचं डोकं जाईल एवढं. त्यात चार दगड नुसते सुके रचलेले, त्यांतले दोन पुढं कधीतरी पलीकडे घसरून स्वयंपाकघराच्या धुराड्यात आडवे पडलेले, नळी अडली ती त्यांच्यावर. आणि दगडांच्या खाली दाबून बसवलेलं एक पोतं.

मॅलकीनं ते ओढून काढलं. एका बाजूनं जळून कोळसा झालेलं, दुसऱ्या बाजूनं शाबूत. आमच्याकडचे जुने गवंडी पोत्यात पेंढा ठासून त्याला दोर बांधत, वर चुना आणि शेणाचा गारा ओतत आणि पोतं धुराड्यातून खालून वर ओढत नेत, म्हणजे आतून गिलावा आपोआप बसतो. पेंढा जास्त ठासला की पोतं मध्येच अडकतं. शाबूत बाजूवर डांबरानं दोन अक्षरं काढली होती. ओनी बॅरेट आपल्या प्रत्येक वस्तूवर ती काढायचा, कारण गावातले लोक चोर आहेत असं त्याचं ठाम मत होतं.

मॅलकी पलंगाच्या कडेवर बसला. त्याला समजायला काही उरलं नव्हतं. खालचा धूर भोकातून इकडच्या धुराड्यात शिरणार, इकडचं धुराडं वरून दगड ठेवून बंद, मग त्यानं जावं कुठं? खाली, खोलीत. खोकणाऱ्या पोरीच्या उशाशी. चुरा असो नाहीतर नुसती टर्फ असो, झाकलेल्या निखाऱ्यांनी तेच केलं असतं. आणि ही बाई एक्केचाळीस वर्षं आपले हात बघत बसली आहे. 

"मिळालं का रे काही?" खालून विनीनं विचारलं.

"दगड आहेत," तो म्हणाला. "घरून एक हत्यार आणतो."

बाप स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. शहाऐंशी वर्षांचा, हातात सुरी, समोर रेडिओ. बाराचा सुमार, म्हणजे स्थानिक मयतांची यादी वाचायची वेळ. ही यादी आमच्याकडे म्हातारी माणसं प्रार्थनेपेक्षा मन लावून ऐकतात. मॅलकीनं पोतं बटाट्यांशेजारी टाकलं. ओनीनं आधी पोत्याकडे पाहिलं, मग रेडिओ बंद केला.

"अस्तर घालायला तूच गेलास होय," तो म्हणाला. "मला वाटलं होतं शहरातला कुणी येईल."

"डॅडी, बोला."

"काय बोलू? पोतं अडकलं. शनिवार होता. पलीकडून पडदी फोडली, अर्धं इकडे आलं, पुढं निघेना. तिथंच दाबलं, चार दगड लावले, वरून चुन्याचा हात मारला. सोमवारी येऊन पक्कं करणार होतो. सोमवारी दुसऱ्यांकडून बोलावणं आलं."

"आणि पोर गेल्यावर आरसा घेऊन गेलात!"

"आरशात बाजूचं दिसत नाही रे! मला खरंच वाटलं नव्हतं, माझ्या आईची आण. जूनमध्ये डोमकावळ्यांची घरटी काढायला त्यांच्या छपरावर चढलो, वरच्या खोलीच्या धुराड्यावरचा पाटीचा दगड बाजूला करून दिवा खाली सोडला, तेव्हा दिसलं. भोकातले दगड सरकून फट पडली होती." त्यानं सुरी खाली ठेवली.  "मी तिच्या पेटीला खांदा दिला होता, मॅलकी. कापसासारखी हलकी होती ती."

"आणि गप्प बसलात. चर्चच्या दारात त्या बाया काय काय बोलत होत्या ते ऐकून गप्प बसलात!"

"नाही बसलो. त्याच दुपारी शेतावर गेलो आणि जार्लथला सांगितलं."

 "जार्लथला ठाऊक होतं?"

"सगळं. वरच्या धुराड्यावर तो पाटीचा दगड त्यानंच ठेवला होता, पाऊस येतो म्हणून. मी बजावलं होतं, मी परत येईपर्यंत उघडं ठेव म्हणून. उघडं असतं तर धूर वरच्या वर गेला असता, पोरगी आज पन्नाशीला आली असती. त्यानं ऐकून घेतलं. गवताची पेंढी हातात होती, ती तशीच धरून उभा. मग म्हणाला, 'ओनी, तिच्यावर आलंय ते आलंय. ती सोसतेय. मला नाही सोसवणार.' मी म्हटलं, भोक तरी बुजवतो. तर म्हणाला, परात बांधलीस की लोक विचारतील. घरी जाऊन त्यानं फळ्या ठोकल्या."

"परात नाही, परांची," मॅलकी आपसूक म्हणाला, कारण बापाच्या तोंडून हल्ली शब्द निसटायचे, आणि मग त्याला स्वतःचाच संताप आला, की हे काय बोलतोय आपण. "तुम्ही दोन पुरुष, आणि एका बाईच्या गळ्यात बांधलंत."

"बांधलं," ओनी म्हणाला. "तो रोज तिच्या हातातून चिमटा घ्यायचा ना, लोक म्हणायचे, त्याचा विश्वास उडाला. तसं नव्हतं ते. तिला विस्तव झाकताना त्याला बघवत नसे. मला एकदाच बोलला तेवढं." त्यानं पोतं मॅलकीकडे सरकवलं. "सांग तिला जाऊन. माझं आता काय उरलंय? सांग."

वाटेत मॅलकीनं दोनदा गाडी थांबवली. सांगायचं तर होतंच, त्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. सगळं सांगायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणाचीही भीड न धरता, असं ठरवूनच तो विनीच्या दारात शिरला. ती गार चुलीसमोर बसली होती. त्यानं तिच्यासमोर स्टूल ओढलं, पोतं मांडीवर घेतलं आणि सांगायला सुरुवात केली. पोतं, पडदी, चार दगड, आरसा, जूनमधला दिवा. बापाचं नाव त्यानं एकदाही लपवलं नाही.

 संपल्यावर विनी म्हणाली, "आणि चुरा?"

"चुऱ्याचा काही संबंध नाही."

"ओला होता रे तो."

"असू दे. नुसती टर्फ असती तरी तेच झालं असतं. भोक नसतं तर दहा घमेली चुरा घातला असतात तरी तिला काही झालं नसतं."

"पुन्हा सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं, त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. मग ती हात उलटेसुलटे करून बघायला लागली, आणि एकदम ओरडली, "ओनी बॅरेट! या घरात बसून माझ्या हातचा चहा पीत होता! दर नाताळला! माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचा, बरी आहेस ना विनी! त्याला म्हणावं, बरी नव्हते मी. एक दिवस बरी नव्हते!" तिनं पोत्याला लाथ घातली, आणि मग कोटाच्या बाहीत तोंड खुपसून रडली. मॅलकीला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण बॅरेटांचा हात तिथं ठेवायचा कुठल्या तोंडानं?

"विनी," तो म्हणाला, "अजून एक आहे. जार्लथ..."

"जार्लथच तर!" तिनं मान वर केली. "अरे, सात महिने. सातच महिने आणखी जगला असता तर हे ऐकून गेला असता. माझा बिचारा! मनात तेच घेऊन गेला रे तो, की आपल्या बायकोनं आपली पोर मारली. आणि तरी मला टाकलं नाही त्यानं. एक वाकडा शब्द नाही. दुसरा कुणी असता तर घराबाहेर काढली असती मला." तिनं मॅलकीचं मनगट धरलं. तिची पकड अजून घट्ट होती. "केवढ्या मनाचा माणूस होता, मॅलकी! आणि मी मूर्ख, त्याचा राग करायचे. त्यानं चिमटा घेतला की मनात शिव्या घालायचे त्याला."

मॅलकीनं तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"ऊठ," विनी म्हणाली. "गाडी काढ."

"कुठं?"

"त्याच्याकडे. दुसरं कुठं?"

भुरभुर पाऊस होता. चर्चमागच्या उतारावर डर्कनांचा दगड, त्यावर वर ऊनाचं नाव, खाली जार्लथचं, त्याखाली विनीसाठी सोडलेली जागा. तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, सणाला करावा तसा, आणि मॅलकीला पुढं ढकललं.

"सांग त्याला."

"मी?"

"मग कोण? मी सांगून काय उपयोग? स्वतःच्या सुटकेसाठी कुणीही काहीही बोलेल. तू गवंडी आहेस, तू डोळ्यांनी पाहिलंस. तुझं तो ऐकेल."

मॅलकीनं टोपी काढली. त्या दगडाला लाथ घालावी असं त्याला वाटलं. खाली पडलेल्या त्या माणसाला गचांडी धरून उठवावं आणि विचारावं, की एका दुपारी, एक वाक्य, एवढंही तुझ्यानं झालं नाही? "जार्लथ," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. आणि या बाजूला ये, तिकडून त्याचा डावा कान येतो. त्या कानानं त्याला काही ऐकू यायचं नाही."

तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. "जार्लथ," तो म्हणाला, मोठ्यानं. "धुराड्याच्या पडदीला भोक होतं. आमच्या डॅडींनी ठेवलेलं. धूर तिथून गेला. विनीचा त्यात काही दोष नव्हता."

"चुऱ्याचं सांग."

"चुऱ्यानं काही झालं नाही. तिनं काहीही चुकीचं केलं नव्हतं. कधीच नव्हतं."

विनीनं पुढं होऊन दगडावर तळवा ठेवला. पावसानं आणि रडण्यानं तिचं तोंड ओलं झालं होतं, आणि त्यावर मॅलकीनं जन्मात पाहिलं नव्हतं एवढं सुख होतं. ते बघवत नव्हतं. "ऐकलंस ना रे?" ती म्हणाली. "आता नको ना रागावूस? आता नीज." मग ती मॅलकीकडे वळली. "पोचलं असेल ना त्याला? आता कळलं असेल ना?"

"हो, विनी," मॅलकी म्हणाला. "त्याला ठाऊक आहे."

"देवाची दया," ती म्हणाली, आणि थडग्यावरचं माजलेलं गवत उपटायला खाली वाकली. मॅलकीही तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला आणि गवत उपटू लागला.